चांदीच्या तारेची कोयरी: घरी करून बघायची असेल तर

आधीच सांगून टाकते, हे वाचून आठवड्याभरात तुम्ही मोत्याची नथ घडवाल असं काही होणार नाही. मी सराफ नाही, सोनाराच्या घरातली पण नाही, दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांचे हिशोब जुळवणारी बाई आहे. पण गेली चार वर्षं जमेल त्या रविवारी हुपरीला एका काकांच्या कामाच्या खोलीत जाऊन बसते, सुरुवातीला नुसती बघत होते, मग कोळसा फोडायला मिळाला, मग तार ओढायला, आणि वर्षभरानं बत्ती हातात आली. हुपरी कोल्हापूरजवळ हातकणंगले तालुक्यात आहे, पैंजणांसाठी गावाचं नाव आहे आणि चांदीकाम अगदी गल्लीगल्लीत चालतं. तर तिथं जे शिकले त्यातलं घरी करता येईल असं एक काम इथं लिहितेय, अगदी नवख्यासाठी.

करायची आहे एक कोयरी, साधारण ३५ मिमी उंच, बाहेर जाड तारेची चौकट, आत बारीक तारेची जाळी, आणि देठापाशी रव्याचे, म्हणजे चांदीच्या बारीक गोळ्यांचे, तीन दाणे. याला तारकाम म्हणतात, तारकशी म्हणतात, इंग्रजी बोलणारे फिलिग्री म्हणतात. कटकची तारकशी सगळ्यात नावाजलेली, तिला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं, तिथं दुर्गापूजेला देवीच्या मागे चांदीच्या तारकामाचं आख्खं मखर उभं करतात, फोटो बघाल तर येडं व्हायला होतं. आपण आपली कोयरी करू. कोयरीच का, तर गोल जरा वाकडा झाला की आंधळ्याला पण दिसतं, कोयरी वाकडी झाली तरी कोयरीच वाटते.

चांदी कुठली घ्यायची यावर लोक खूप चुकतात. घरातलं तुटकं पैंजण वितळवू म्हणतात. नका करू. त्यात तांबं किती आणि जुनी डाक (सांधे जोडायला वितळवतात तो मिश्रधातू) किती याचा काही पत्ता नसतो, तापवलं की काळं पडतं आणि तार ओढताना मध्येच तुटते. तारकामाला चोख चांदी लागते, ९९९ वाली. ९२५ म्हणजे स्टर्लिंग कडक असते, अंगठीबिंगठीला चांगली, पण तिच्यातल्या साडेसात टक्के तांब्यामुळे आगीत काळपट थर धरतो, आणि तो थर जाळीच्या आतून घासून काढणार कसा? चोख चांदी मऊ, बोटानं वळते आणि तापवली तरी पांढरीच राहते. जुनं पैंजण द्यायचंच असेल तर गलईवाल्याकडे, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्याकडे द्या आणि बदल्यात चोख घ्या. हे विटा-आटपाडीकडचे गलईवाले देशभर पसरलेत बरं का, तुम्ही तमिळनाडूत असा नाहीतर केरळात, सराफ बाजारात शोधलंत तर मराठी बोलणारा गलईवाला सापडण्याची बरीच शक्यता आहे.

किती घ्यायची? कोयरीचं स्वतःचं वजन तीन-साडेतीन ग्रामच भरतं, पण १० ग्राम घ्या. तार ओढताना टोकं जातात, काही वेटोळी फसतात, आणि पहिली कोयरी तर जातेच, त्यावर पुढे बोलूच. अंदाजासाठी एवढं लक्षात ठेवा की १ ग्राम चांदीतून १ मिमी जाडीची तार साधारण १२ सेंटीमीटर निघते, आणि तीच ०.३ मिमी पर्यंत ओढली तर जवळजवळ १ मीटर ३५ सेंटीमीटर. पहिल्यांदा मोजपट्टी लावून बघितलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.

सामान फार नाही. एक छोटा गॅस टॉर्च, बारीक ज्योत होणारा. काका अजून फुंकणीनं काम करतात, दिव्याच्या ज्योतीवर तोंडानं फुंकर घालत, गाल फुगवून ठेवायचे आणि नाकानं श्वास घेत राहायचा, फुंकर तुटत नाही. मी सहा महिने प्रयत्न केला, चक्कर यायची, सोडून दिलं. मग लाकडी कोळशाचा सपाट ठोकळा, बारीक टोकाचे दोन चिमटे, कातर, बारीक कानस, टाकणखार म्हणजे सोनारांची सवागी (बोरॅक्स), पितळी तारांचा मऊ ब्रश, रिठे, लोखंडी जाळीचा तुकडा. तार ओढायला जंत्री लागते, म्हणजे क्रमानं लहान होत जाणाऱ्या भोकांची पोलादी पट्टी. आणि तार चपटी करायला रोलिंग मशीन. ते घरी कोण ठेवणार, तेव्हा ओळखीच्या कारागिराकडून तेवढं करून घ्या, चहाच्या वेळात होणारं काम आहे. खरं तर पहिल्या वेळी तारच ओढून आणा, १ मिमीची थोडी, ०.५ ची बोटभर आणि ०.३ ची चारेक मीटर. वितळवणं नि ओढणं नंतर शिका.

तरीपण ओढायचं असेल तर थोडक्यात सांगते. तारेचं टोक कानशीनं निमुळतं करायचं, तारेला मेण लावायचं, भोकातून टोक बाहेर काढून पक्कडीनं एका दमात ओढायचं, थांबायचं नाही, थांबलात की तिथं खळगा पडतो. दर तीन-चार भोकांनंतर तार कडक होते, हाताला कळतं, मग तिची घट्ट गुंडाळी करून तापवून नरम करायची. गुंडाळी सैल ठेवलीत तर बाहेर निसटलेलं एखादं वेटोळं आधी तापतं आणि वितळून जातं, बाकीची तार गारच. अंधुक लाल दिसलं की बास.

आता ०.३ ची तार घ्या, दीड-दोन मीटर, मधोमध दुमडा, दुमडलेला भाग एका खिळ्याला अडकवा आणि दोन्ही टोकं हँड ड्रिलच्या तोंडात पकडून पीळ द्या. एकसारखा, घट्ट. मध्ये एकदा नरम करा आणि परत पीळ द्या, मग बघा कसा दोरा होतो. हा दोरा रोलिंग मशीनमधून चपटा करायचा. चपटा झाला की त्याच्या दोन्ही कडांना बारीक दातेरी नक्षी उठते, आणि तारकामाला जी एक चमचम असते ना ती या दातांमुळे, उजेड प्रत्येक दातावर वेगळा अडतो. साधी चपटी तार वापरून बघितलीय मी, जाळी होते पण मेल्यासारखी दिसते.

चौकटीला १ मिमीची तार घ्या, तीही जराशी चपटी करा, ०.७ पर्यंत. कागदावर कोयरी काढा, तिच्यावर तार उभी ठेवून बोटांनी वळवत जा, पक्कड कमीत कमी, पक्कडीचे व्रण पडले की जात नाहीत. दहा-अकरा सेंटीमीटर तार लागेल. दोन टोकं जिथं भेटतात तो सांधा कानशीनं असा करा की उजेडासमोर धरलं तर फट दिसता कामा नये. इथं आळस करू नका. डाक फट भरत नाही. भांड्याला लावतात तशी थापून बसणारी ही डाक नव्हे, ही पाण्यासारखी अरुंद जागेत ओढली जाते, जागा रुंद असेल तर ती एका बाजूला चिकटून गप्प बसते. चौकट झाली की आत दोन-तीन आडव्या-तिरक्या काड्या त्याच तारेच्या बसवा, पानाच्या शिरांसारख्या, म्हणजे जाळीला खोल्या तयार होतात. चौकट आणि शिरा आधी एकदा झाळून, म्हणजे डाक वितळवून जोडून घ्यायच्या, कशा ते पुढे येतंय.

मग येतं वेटोळ्यांचं काम, आणि इथं वेळ जातो, दोन-तीन संध्याकाळी धरून चाला. दातेरी पट्टीचे सारख्या मापाचे तुकडे करा, मी २५ मिमीचे करते, वहीच्या कागदावर दोन रेघा मारून त्यांच्यात मोजत. एक टोक चिमट्यात पकडायचं आणि गोल गोल वळायचं, पट्टी उभी राहिली पाहिजे, आडवी नाही. एकसारखे वीस वेटोळे करायला घेतलेत की पहिले सहा फेकायचेत हे गृहीत धरा. मग एकेक वेटोळं खोलीत दाबून बसवायचं, आणि ते स्वतःच्या ताणानं चौकटीला टेकून बसलं पाहिजे, इतकं की कोयरी उलटी केली तर पडणार नाही. पडलं तर ते लहान आहे, थोडं उलगडून मोठं करा. मोठ्या खोलीत गोल वेटोळी, कोपऱ्यात पाण्याच्या थेंबासारखी, उरलेल्या चिरांत नुसती नागमोडी पट्टी. आणि भरगच्च भरा. नवशिका माणूस मोकळी जागा ठेवतो, त्याला वाटतं नाजूक दिसेल, पण मोकळ्या जाळीत तारा एकमेकींना टेकत नाहीत, टेकत नाहीत म्हणून डाक पोचत नाही, आणि महिन्याभरात ओढणीला अडकून एक वेटोळं बाहेर येतं.

डाक. सगळा जीव यात आहे म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते. तारकामाला डाकेचे तुकडे चालत नाहीत, पूड लागते. जुनी रीत म्हणजे दोन भाग चांदी, एक भाग पितळ. आधी चांदी मुशीत (धातू वितळवायच्या भांड्यात) वितळवायची, मग पितळ टाकायचं, हलवायचं, लगेच ओतायचं, कारण पितळातलं जस्त धूर होऊन उडतं आणि तो धूर छातीला वाईट, खिडकी उघडी पाहिजे. ही डाक साधारण ७०० ते ७५० अंशांत वितळते, चोख चांदी वितळते ९६१ ला, म्हणजे मध्ये दोनशे अंशांची मोकळीक आहे. ऐकायला भरपूर वाटतं, पण टॉर्चखाली ते अंतर दोन-तीन सेकंदांचं असतं. घरी डाक करायची नसेल तर विकत घ्या, फक्त विचारून घ्या की कॅडमियम नाही ना. केडीएम केडीएम म्हणून पूर्वी दुकानांवर पाट्या असायच्या ते हेच कॅडमियम, त्याचा धूर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं खातो. कॅडमियमची डाक स्वस्त मिळाली तरी घरात आणू नका.

डाकेच्या काडीला कानस मारून पूड करायची, पुडीवरून लोहचुंबक फिरवून कानशीचा लोखंडी चुरा काढून टाकायचा, आणि तेवढाच बारीक वाळलेला टाकणखार मिसळायचा. वाळलेला म्हणजे आधी तव्यावर फुलवून, गार करून, कुटलेला. कच्चा टाकणखार तापला की लाहीसारखा फुलतो आणि तुमची इतक्या मेहनतीनं बसवलेली वेटोळी उचलून बाजूला टाकतो. मी हे बघितलंय, अगदी शांतपणे एकेक वेटोळं वर आलं, जशी काय झोपेतून उठतायत.

कोयरी कोळशाच्या सपाट ठोकळ्यावर ठेवा, खाली अभ्रकाचा पत्रा मिळाला तर उत्तम, म्हणजे चिकटत नाही. टाकणखाराचं पातळ पाणी ब्रशनं सगळीकडे लावा, ओलं असतानाच वरून डाकेची पूड चिमटीनं भुरभुरवा, पोह्यावर खोबरं भुरभुरतो तशी, हलकी. ढीग कुठं झाला तर कोरड्या ब्रशनं काढा, कारण जिथं जास्त पडेल तिथं दाते बुजतात आणि जाळी ओघळल्यासारखी दिसते. मग वाळू द्या. पूर्ण. घाई केलीत तर पाण्याची वाफ होऊन पूड उडते.

खोलीतला उजेड कमी करा. उन्हात हे काम करता येत नाही कारण चांदी लाल कधी झाली ते उन्हात दिसतच नाही, सोनारांच्या कामाच्या खोल्या अंधाऱ्या का असतात ते मला तेव्हा कळलं, मला आधी वाटायचं गरिबी किंवा चोरांची भीती.

आता ज्योत. सगळ्यांचा हात पहिल्यांदा जाळीवर जातो. तिथंच कोयरी मरते. चांदी उष्णता इतकी झपाट्यानं पळवते की एका जागी ज्योत धरून तिथली डाक वितळवू म्हटलं तर होत नाही, सगळा तुकडा मिळून तापावा लागतो, आणि त्यात चौकट जाड, जाळी केसासारखी. ज्योत थेट जाळीवर पडली तर चौकट तापायच्या आत जाळी वितळून गेलेली असते. म्हणून ज्योत मोठी आणि मऊ ठेवायची, फुसफुसणारी निळी सुई नको, आणि आधी कोयरीच्या बाहेरच्या कोळशावर फिरवायची, गोल गोल, कोळसा तापून लाल व्हायला लागला की ज्योत चौकटीवर आणायची, तीही सतत हलती. जाळीला तिची उष्णता चौकटीतून आणि खालून मिळू द्या. काकांचं एक वाक्य आहे, माझ्या कानात बसलंय, "अगं डाकंला बोलवायचं असतंय, ढकलायचं नसतंय." डाक नेहमी जास्त तापलेल्या बाजूला धावते. तुम्हाला ती जिकडे हवी तिकडे आधी तापवा, ती आपली येते.

सगळं अंधुक लाल झालं की नजर हलवू नका. एका क्षणी पुडीचा करडा खरखरीतपणा जातो आणि तारांच्या मुळाशी ओली लकाकी पळते, जणू कोणी पाण्याची रेघ ओढली. ती लकाकी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते, ज्योत तिच्यासोबत न्या, आणि पोचली की ज्योत बाजूला. लगेच. अजून जरा नीट बसू दे म्हणून एक सेकंद जास्त धरलात की संपलं.

माझी पहिली कोयरी अशीच गेली. तीन संध्याकाळी वळलेली वेटोळी, लकाकी आलेली मला दिसली, मी खुशीत काकांकडे बघितलं आणि हात तिथंच राहिला. परत बघते तर कोयरीचं पोट आत ओढलं गेलं होतं आणि मध्ये एक गोल चकचकीत गोळा गरगर फिरत होता. मला रडूच यायचं बाकी होतं. काकांनी तो गोळा चिमट्यानं उचलला, पाण्यात टाकला, सुर्र आवाज झाला, म्हणाले, "चला, रवा करायला शिकलीस की. जरा मोठा झाला एवढंच."

आणि ते खरंच होतं, रवा असाच होतो. चांदीचा छोटा तुकडा वितळला की स्वतःहून गोल होतो, आपल्याला काही करावं लागत नाही. ०.५ मिमीच्या तारेचे साधारण पावणेतीन मिमी लांबीचे तुकडे कापा, एका तुकड्यातून बरोबर १ मिमीचा दाणा मिळतो. कोळशाच्या ठोकळ्यात छोटासा खळगा करून एकेक तुकडा त्यात ठेवून ज्योत मारा, आकसतो, थरथरतो आणि गरकन गोल होतो. खूप दाणे हवे असतील तर मुशीत कोळशाच्या पुडीचा थर, त्यावर तुकडे एकमेकांना न चिकटतील असे, परत पूड, परत तुकडे, असं भरून आख्खी मूस तापवतात. आपल्याला तीनच हवेत, दहा करा, त्यातले सारखे तीन निवडा.

दाणे जागेवर चिकटवायला काका काय वापरतात ओळखा. गुंज! लाल-काळी गुंज, सोनं तोलायची. सहाणेवर पाण्याचे दोन थेंब टाकून गुंज उगाळायची, पांढरट चिकट लेप येतो, त्यात चिमूटभर टाकणखार, आणि ब्रशच्या टोकानं तो ठिपका लावून त्यावर दाणा. आगीत तो जळून जातो पण तोवर दाण्याला धरून ठेवतो. म्हणजे एकच बी, आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा म्हणून वजनालाही आणि परत डिंक म्हणूनही. (तोळा म्हणजे ११.६६ ग्राम हो, आता सगळे दहालाच तोळा म्हणतात तो भाग वेगळा.) पण गुंज विषारी असते, उगाळलेली तर जास्तच, तेव्हा सहाण वेगळी ठेवा, चंदनाची देवघरातली घेऊ नका, हात धुवा, आणि लहान मुलं असतील त्या घरात तर साधा डिंकच वापरा, काही बिघडत नाही.

दाणे, आणि वर साखळी अडकवायची कडी, हे दुसऱ्या वेळी झाळायचं. आता प्रश्न असा की परत तापवताना आधीची जाळी सुटली तर? म्हणून पहिल्या वेळी कडक डाक आणि दुसऱ्या वेळी नरम डाक, म्हणजे पितळ जास्त घातलेली, जी आधी वितळते. डाक विकत घेतानाच दोन प्रकारची मागा. कडीला डाकेचा एक छोटा तुकडा पुरतो, आणि इथंही ज्योत कडीवर नाही, कोयरीच्या देठावर, जाडी जिकडे जास्त तिकडे.

यात एक वेगळी वाट पण आहे, डाकेशिवाय रवा बसवायची. डिंकात तांब्याचा क्षार मिसळून दाणा चिकटवतात, तापला की त्याचं तांबं होतं, आणि चांदी-तांब्याची जोडी ७७९ अंशांतच वितळते, दोघंही एकेकटे याच्या कितीतरी वर वितळतात पण जिथं टेकतात तिथं मात्र लवकर. त्यामुळे फक्त टेकलेल्या टिंबापुरता सांधा होतो आणि दाणा अख्खा गोल उभा दिसतो, डाकेचं तळं होत नाही. मी दोनदा केलंय, एकदा जमलं. आधी डाकेनं शिका.

झाळून झालं की मिनिटभर तशीच राहू द्या, लाली जाऊ द्या, मगच पाण्यात. लालबुंद टाकली तर चौकट वेगळी आकसते, जाळी वेगळी, आणि सांधे तडकतात. मग टाकणखाराची काच साफ करायला सोनार पातळ गंधकाचं ॲसिड वापरतात, घरी त्याची गरज नाही, एक लिटर पाण्यात १०० ग्राम सायट्रिक ॲसिड घालून कोमट करा आणि कोयरी अर्धा तास त्यात ठेवा. बाहेर काढायला लोखंडी चिमटा घालू नका, पाण्यात उतरलेलं तांबं लगेच चांदीवर बसतं आणि कोयरी गुलाबी होते. लाकडी काडी, प्लास्टिकचा चमचा, काहीही चालेल. गंधकाचं वापरणारच असाल तर ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

बाहेर येते ती खडूसारखी पांढरी, निर्जीव. घाबरू नका. रिठे रात्री भिजत घाला, त्या फेसात कोयरी आणि पितळी ब्रश, हलक्या हातानं, एकाच दिशेनं. दोन मिनिटांत दाते चमकायला लागतात. चौकटीची वरची कड तेवढी गुळगुळीत पोलादी सळईनं घासून झळाळी आणा, जाळी पांढरट राहू द्या, तो फरकच छान दिसतो. पॉलिशच्या मशीनवर मात्र नेऊ नका. एकदा मी एका दुकानात नुसती पॉलिशला दिली होती, परत आली तेव्हा भोकांत काळा साबण गच्च बसलेला आणि दोन वेटोळी गायब, चाकानं तार पकडून ओढून नेली होती, आणि वर मलाच विचारतात की आधीपासून तुटलेली होती का.

कोयरीला थोडा फुगीरपणा हवा असेल तर शेवटची सफाई करायच्या आधी लाकडी ठोकळ्यातल्या उथळ खळग्यात ठेवून लाकडी दट्ट्यानं दाबा, ठोकू नका. जिथं डाक नीट पोचली नसेल तिथं या वेळी कुईं आवाज येऊन वेटोळं सुटतं, तेव्हा ही एक परीक्षाच समजा. सुटलेलं दिसलं तर तेवढ्याच जागी पूड टाकून परत झाळा, पण परत आख्खा तुकडा तापवावा लागतो हे विसरू नका.

हेच सोन्यात करायचं तर रीत तीच, सोनं १०६४ अंशांना वितळतं आणि चांदीइतकी उष्णता पळवत नाही, त्यामुळे हात बसल्यावर उलट जरा सोपं वाटतं म्हणतात काका. मी सोन्याला अजून ज्योत लावलेली नाही, या भावात माझी छाती होत नाही. पण एक झालंय, आधी मी घडणावळीवरून दुकानात तासतास हुज्जत घालायचे, आता ठुशीचे मणी किंवा बुगडीवरचा रवा बघितला की आकडा ऐकून गप्प पैसे देते. बरं, नवरा म्हणतो हा छंद त्याला महाग पडला.

कोयरी कपाटात ठेवताना हवाबंद पिशवीत, सोबत खडूचा तुकडा, म्हणजे ओल धरत नाही. हवेतल्या गंधकानं चांदी काळी पडतेच, तेव्हा टूथपेस्टनं घासत बसू नका, दात झिजतील, कोयरीचे. भांड्यात ॲल्युमिनियमचा कागद पसरा, त्यावर कोयरी टेकवून ठेवा, चमचाभर खाण्याचा सोडा आणि वरून उकळतं पाणी. काळेपण कागदाकडे जातं, थोडा कुजकट वास येतो, तो आला म्हणजे काम चाललंय. घासणं नाही काही नाही.

कपड्यांचं सांगायचं राहिलं, सुती घाला, केस बांधा, ओढणी काढून ठेवा, टॉर्चजवळ नायलॉन नको. आणि बसायच्या आधी मांडीवर चादर पसरा, खाली पण. कानशीचा चुरा, कापलेली टोकं, फसलेली वेटोळी, सगळं त्या चादरीत पडतं, उठताना चारी कोपरे धरून एका डब्यात झाडायचं. सराफ बाजारातली गटारं आणि केर विकत घेऊन त्यातून सोनं काढणारे झारेकरी काही वेडे नव्हेत. डाकेचा चुरा वेगळ्या डब्यात हं, चोख चांदीत मिसळला की ती चांदी तारेच्या कामाची राहत नाही. माझ्या चोख डब्यात आता बऱ्यापैकी चुरा साठलाय, तो पहिला गोळा पण त्यातच पडलाय, दिवाळीनंतर सगळं एकत्र गलईला देणार आहे.